नायकाच्या सुरकुत्या आणि डिस्कवरचा ग्रेन

२०१० साली 'प्रिडेटर'ची नवी ब्लू-रे डिस्क बाजारात आली. हौसेने ती लावून बसलेल्यांना पडद्यावर अर्नोल्ड श्वार्झनेगरऐवजी त्याचा मेणाचा पुतळा दिसला. मूळ चित्रपट १९८७ चा, मेक्सिकोच्या जंगलात ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेला. घाम, चिखल, रंग फासलेले चेहरे, दाढीचे खुंट हे सगळं त्यात ठासून भरलेलं आहे. नव्या डिस्कवर मात्र गाल तुकतुकीत, कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं आणि मागची झाडं ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखी. त्याआधीची २००८ ची डिस्क खरखरीत दिसायची खरी, पण तिच्यात माणसाची कातडी दिसायची. २०१८ साली ४के, म्हणजे जास्त बारीक चित्राची, आवृत्ती आली तेव्हा कुठे नायकाचा घाम परत आला.

हे चित्रीकरण झालं तेव्हा श्वार्झनेगर चाळिशीच्या आत होता. त्याचं वय लपवायचं काही कारणच नव्हतं. तरीही चेहरा घोटला गेला. तो का आणि कसा घोटला गेला हे समजून घेतलं की चाहत्यांमध्ये कायम धुमसणाऱ्या दोन वादांची गाठ सुटते. पहिला वाद डिस्कचा: कुठली आवृत्ती घ्यावी, कुठली बिघडवलेली आहे, स्ट्रीमिंग असताना डिस्क हवी कशाला. दुसरा वाद वयाचा: सत्तरी-ऐंशीतल्या नायकाला पुन्हा मैदानात उतरवावं का, आणि उतरवलं तर संगणकाने तरुण करावं का. वरवर पाहता एक वाद यंत्रांचा आहे आणि दुसरा कथेचा. आमच्या मते दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: चेहऱ्यावर साठलेला काळ कुणी, कशाने आणि किती पुसायचा.

ग्रेन म्हणजे घाण नव्हे

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडला की ते कण बदलतात. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ठिपके उरतात. मोठ्या पडद्यावर जी हलकी सळसळ दिसते ती या ठिपक्यांची. तिलाच ग्रेन म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेम जातात आणि प्रत्येक फ्रेममध्ये ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. रात्रीच्या दृश्यांसाठी जास्त संवेदनशील फिल्म वापरली असेल तर दाणा मोठा दिसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ग्रेन ही चित्रावर नंतर बसलेली धूळ नाही. चित्र बनलंय तेच त्या ठिपक्यांनी. डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीक सुरकुती, नाकावरचं रंध्र, हनुवटीवरचा जुना व्रण हे सगळं त्याच दाण्यांतून उभं राहतं. त्यामुळे दाणे पुसायला गेलं की सुरकुतीही पुसली जाते.

पुसण्याच्या या क्रियेला डीएनआर, म्हणजे डिजिटल नॉइज रिडक्शन, म्हणतात. सॉफ्टवेअर लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहतं आणि त्यांची सरासरी काढतं. जे प्रत्येक फ्रेममध्ये बदलतं ते ग्रेन, जे टिकून राहतं ते चित्र, असा त्याचा हिशेब. भिंत, टेबल, आकाश अशा स्थिर गोष्टींवर तो बऱ्यापैकी बरोबर येतो. चेहरा मात्र सतत हलतो. ओठ हलतात, भुवया वर जातात, प्रकाश सरकतो. मग सॉफ्टवेअरला कातडीचा पोत आणि ग्रेन वेगळे काढता येत नाहीत आणि ते दोन्ही सपाट करून टाकतं. त्यामुळे चित्र मऊ पडलं की ते धारदार भासावं म्हणून कडा उठावदार करण्याची प्रक्रिया वरून चढवली जाते. त्याने खांद्याभोवती, टोपीच्या कडेभोवती पांढुरकी रेघ उमटते. मेणचट चेहरा आणि भोवती पांढरी रेघ ही जोडी दिसली की समजावं, डिस्कवर हात फिरलाय.

'टर्मिनेटर २'ची २०१७ ची ४के डिस्क याच कारणाने बदनाम झाली. मार्च २०२४ मध्ये 'एलियन्स', 'द अबिस' आणि 'ट्रू लाइज' या तिन्ही चित्रपटांच्या ४के डिस्क एकदम आल्या. न्यूझीलंडच्या पार्क रोड पोस्ट या स्टुडिओने, नमुने दाखवून शिकवलेल्या संगणकाकरवी, चित्र स्वच्छ आणि धारदार करून दिलं होतं. इथली तक्रार 'प्रिडेटर'पेक्षा जरा वेगळी होती. साध्या डीएनआरमध्ये तपशील जातो. या नव्या पद्धतीत संगणक गेलेल्या तपशिलाच्या जागी अंदाजाने नवा तपशील भरतो. त्यामुळे केसांची बट तारेसारखी, दूरवरचा चेहरा भलत्याच धारेचा आणि डोळे कोरल्यासारखे, असं होऊ शकतं. तिघांत 'ट्रू लाइज'वर सर्वांत जास्त टीका झाली.

यात दुसरी बाजूही वजनदार आहे. हे सगळं दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनच्या संमतीनेच झालं होतं. ज्याने चित्रपट बनवला त्यालाच तो असा हवा असेल, तर प्रेक्षकाने हरकत घ्यावी का? आमचं मत असं की दिग्दर्शकाने नवी आवृत्ती जरूर करावी, फक्त जुनी बाजारातून नाहीशी करू नये. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मध्ये नायक नागासमोर पडतो तेव्हा मध्ये काच होती, आणि मूळ चित्रपटात त्या काचेवर नागाचं प्रतिबिंब स्पष्ट दिसायचं. २००३ च्या डीव्हीडीपासून ते पुसलं गेलं. कुणी म्हणेल, चूक सुधारली, बिघडलं काय? पण त्या प्रतिबिंबावरून कळायचं की काचेपलीकडे खराखुरा नाग आहे आणि अलीकडे खराखुरा माणूस.

यापेक्षा बोलकं उदाहरण 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'चं (१९८३). शेवटच्या दृश्यात नायकाच्या वडिलांचा आत्मा हसत उभा दिसतो. ती भूमिका केली होती १९०५ साली जन्मलेल्या सेबॅस्टियन शॉ यांनी. २००४ च्या डीव्हीडीवर त्यांना काढून तिथे १९८१ साली जन्मलेला हेडन क्रिस्टेन्सन उभा केला. मुखवटा काढण्याच्या दृश्यात शॉ आहेतच, पण त्यांच्या भुवया संगणकाने पुसलेल्या आहेत. म्हणजे म्हाताऱ्याचा चेहरा हटवून तरुण बसवण्याचं काम इथे चित्रपटगृहानंतर वीस वर्षांनी, डिस्कवर झालं. चित्रपटगृहात दाखवलेली मूळ रूपं अधिकृत डिस्कवर शेवटची मिळाली ती २००६ साली, जोडडिस्क म्हणून, तीही डीव्हीडीच्या आधीच्या लेझरडिस्कच्या काळातल्या जुन्या मास्टर प्रतीवरून. डिस्क जपून ठेवणारे लोक इतके हट्टी का असतात, ते या एका उदाहरणावरून कळतं.

एका फ्रेमला किती जागा

'डिस्क आणि स्ट्रीमिंग दोन्ही ४केच, मग फरक कसला?' हा प्रश्न कायम येतो. ४के हा फक्त ठिपक्यांचा आकडा आहे: ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. त्यात माहिती किती भरली हे बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती येते त्यावर, ठरतं.

हिशेब करून पाहू. ४के स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने येतं. १६ धरले तर २४ फ्रेमला वाटून एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ८३ किलोबाइट येतात. डिस्कवर चित्राचा वेग ६० मेगाबिट धरला, जो सहज असतो, तर एका फ्रेमला ३१२ किलोबाइट मिळतात. हीच फ्रेम मुळीच न दाबता १० बिटमध्ये ठेवली तर १५ मेगाबाइटच्या वर जाते. म्हणजे दोन्हीकडे चित्र भयंकर दाबलेलंच आहे. डिस्कवर त्याला श्वास घ्यायला जवळपास चौपट जागा आहे, इतकंच.

ही जागा लागते कुणाला? ग्रेनला. दाबण्याची पद्धत अशी असते: आधीच्या फ्रेममध्ये जे होतं ते पुन्हा न पाठवता फक्त बदल पाठवायचा. भिंत तशीच असेल तर बदल शून्य. पण ग्रेन प्रत्येक फ्रेमला नवा, त्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तो सगळाच्या सगळा 'बदल' ठरतो. बिट कमी पडले की पहिला बळी त्याचाच जातो. धूर, पाऊस, अंधारातली पळापळ अशा दृश्यांत स्ट्रीमिंगचं चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटतं ते यामुळे. एव्ही१ या चित्र दाबण्याच्या नव्या पद्धतीत ग्रेन आधी काढून टाकतात, त्याचं वर्णन सोबत पाठवतात आणि तुमच्या टीव्हीत तसाच ग्रेन नव्याने तयार करतात. युक्ती हुशारीची आहे. पण तो ग्रेन मूळ फिल्मचा नसतो, आणि काढताना सोबत पुसलेली सुरकुती त्याने परत येत नाही.

डिस्कचे प्रकार थोडक्यात सांगतो. डीव्हीडी एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांत ८.५ जीबी. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत तिचं चित्र ७२० गुणिले ५७६. ब्लू-रे २५ किंवा ५० जीबी, चित्र १९२० गुणिले १०८०. ४के अल्ट्रा एचडी डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबी. तिच्यात रंगाच्या प्रत्येक घटकाला २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात, त्यामुळे संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडत नाहीत. टोपीच्या सावलीतले डोळे आणि टोपीवर पडलेलं ऊन एकाच फ्रेममध्ये नीट दिसतात ते या डिस्कवरच्या एचडीआरमुळे, म्हणजे उजेड-अंधाराची मोठी कक्षा दाखवण्याच्या सोयीमुळे. आवाजाचं म्हणाल तर डिस्कवर तो न कापलेला असतो, स्ट्रीमिंगवर बहुधा दाबलेला. अनेकांना चित्राच्या आधी आवाजातला फरक जाणवतो.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं: ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघत असाल तर पिक्सेलमधला फरक डोळ्याला दिसणार नाही. ५५-६५ इंची टीव्ही आणि सहा-सात फूट अंतर असेल तरच ४के डिस्कचे पैसे वसूल होतात.

तरुण करण्याचे तीन मार्ग

आता वयाकडे वळू. हॅरिसन फोर्डचा जन्म जुलै १९४२ चा. इंडियाना जोन्स म्हणून तो पहिल्यांदा दिसला १९८१ मध्ये, मग १९८४, १९८९, २००८ आणि शेवटी २०२३ मध्ये, 'डायल ऑफ डेस्टिनी'त. शेवटच्या चित्रपटाची पहिली सुमारे २५ मिनिटं १९४४ सालात घडतात आणि तिथे फोर्डला संगणकाने तरुण केलंय. हे करण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली, चित्रावरच काम करायची. लोला या कंपनीने २००६ च्या 'एक्स-मेन' चित्रपटापासून ती रूढ केली. नट स्वतः अभिनय करतो आणि नंतर फ्रेम दर फ्रेम त्याच्या चेहऱ्यावर काम होतं. सुरकुत्या भरणं हा त्यातला सोपा भाग. खरं कसब पुढे आहे: लोंबलेला जबडा वर ओढणं, मानेची कातडी ताणणं, आणि वयाबरोबर मोठे दिसू लागलेले कान-नाक किंचित लहान करणं. कान विसरले तर चेहरा तरुण होऊनही काहीतरी खटकत राहतं. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'मधला सॅम्युअल जॅक्सन याच पद्धतीचा, आणि फार चांगला जमलेला. तमिळ 'द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' (२०२४) मधल्या विजयवरही याच कंपनीने काम केलं.

दुसरी, संगणकात पूर्ण त्रिमित डोकं बनवायचं. 'द आयरिशमन' (२०१९) साठी तीन कॅमेऱ्यांचा संच वापरला: मध्ये मुख्य कॅमेरा आणि दोन्ही बाजूंना अवरक्त प्रकाश टिपणारे दोन. त्यामुळे रॉबर्ट डी नीरोच्या चेहऱ्यावर ठिपके लावावे लागले नाहीत. याच चित्रपटात ग्रेनचा एक सुंदर धागा आहे. ज्या दृश्यांत वय कमी करायचं नव्हतं ती फिल्मवर चित्रित झाली, ज्यांत करायचं होतं ती डिजिटल कॅमेऱ्यावर. मग दोन्ही एकजीव दिसावीत म्हणून डिजिटल दृश्यांवर फिल्मसारखा ग्रेन चढवला. 'प्रिडेटर'च्या डिस्कवर खरा चेहरा ग्रेन काढून खोटा दिसू लागला होता. इथे बनवलेला चेहरा ग्रेन घालून खरा वाटायला लागतो.

तिसरी पद्धत 'डायल ऑफ डेस्टिनी'त मुख्यत्वे वापरली गेली. इंडियाना जोन्सचे चित्रपट बनवणाऱ्या लुकासफिल्मकडे फोर्डच्या जुन्या चित्रपटांचं भरपूर चित्रण जपलेलं होतं. आयएलएम या तिच्याच दृश्यपरिणाम कंपनीने ते संगणकाला दाखवून चाळिशीतला चेहरा शिकवला आणि मग ऐंशीला टेकलेल्या फोर्डच्या अभिनयावर तो बसवला. दुसऱ्या पद्धतीचे काही भागही त्यात मिसळलेले आहेत.

चेहरा बराच जमला. तरी बिघडतं कुठे? आवाजात. फोर्डचा घोगरा, थकलेला आवाज तरुण ओठांतून येतो आणि कान लगेच सांगतो की हे जुळत नाही. दुसरी गफलत शरीराची. 'द आयरिशमन'मध्ये डी नीरो रस्त्यावर एका किराणा दुकानदाराला लाथा घालतो ते दृश्य पाहा. चेहरा तरुण माणसाचा, पण पाय उचलताना तोल सांभाळण्याची धडपड सत्तरी पार केलेल्याची. खांदे पुढे झुकलेले, कंबर न वळणारी. चेहऱ्यावर कितीही पैसा ओता, गुडघे खरं बोलतात. तिसरी गफलत पोताची. तरुण केलेली कातडी बाकीच्या दृश्यांपेक्षा किंचित गुळगुळीत राहते, आणि चांगल्या डिस्कवर तो सांधा जास्त उघडा पडतो. 'डायल ऑफ डेस्टिनी'त तरुण फोर्डची बहुतेक दृश्यं रात्रीच्या अंधारात आणि चालत्या रेल्वेत ठेवली आहेत, त्याचा इथे मोठा फायदा झाला. अंधार सांधे झाकतो. बिटरेट कमी असलेल्या स्ट्रीमिंगवर तर सगळंच गुळगुळीत असल्याने सांधा दिसतही नाही. 'मला ते खरंच वाटलं' आणि 'मला ते प्लास्टिक वाटलं' असं म्हणणारे दोघे बऱ्याचदा वेगवेगळ्या माध्यमांतून तोच चित्रपट बघितलेले असतात, हे वादात पडण्याआधी विचारून घ्यावं.

वय कथेत घ्यायचं की कथेबाहेर ठेवायचं

बाँडपटांनी हा प्रश्न नट बदलून सोडवला. तरी रॉजर मूर १९८५ मध्ये ५७ व्या वर्षी शेवटचा बाँड झाला, आणि दूरच्या दृश्यांत धावणारा माणूस दुसराच आहे हे साध्या टीव्हीवरही कळतं. 'टर्मिनेटर जेनिसिस'ने (२०१५) तर पळवाट कथेतच काढली: यंत्रमानव म्हातारा होत नाही, पण त्याच्यावर चढवलेली जिवंत कातडी होते.

आमच्या दृष्टीने सर्वांत सरस उत्तर 'लोगन'चं (२०१७). मुठींतून धातूची पाती काढणारा नायक वाचायला चष्मा लावतो. जखमा भरत नाहीत, पाय ओढत चालतो. वय हेच कथेचं इंधन आहे. 'क्रीड' (२०१५) मध्ये म्हातारा मुष्टियोद्धा रॉकी रिंगणाबाहेर उभा राहतो, आणि त्या भूमिकेसाठी सिल्व्हेस्टर स्टॅलोनला सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. 'लोगन' आणि 'डायल ऑफ डेस्टिनी' या दोन्हींचा दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्डच आहे. एकाच माणसाने एकदा वय पूर्ण स्वीकारलं आणि एकदा अर्धं. दोन्ही डिस्क पाठोपाठ पाहिल्या की कुठला निर्णय टिकाऊ ठरला ते डोळ्यांनी कळतं.

मराठीत संगणकाने तरुण करण्याची चैन सहसा परवडत नाही, आणि एका परीने ते बरंच आहे. 'नवरा माझा नवसाचा' २००४ चा, त्याचा दुसरा भाग २०२४ चा, आणि दोन्हींत अशोक सराफ आहेत. त्यांचा जन्म १९४७ चा, म्हणजे ते आणि श्वार्झनेगर एकाच वयाचे. वीस वर्षांचा फरक लपवायला कुणी गेलं नाही आणि प्रेक्षकानेही तो मागितला नाही. आपलं दुःख दुसरं आहे. एके काळी मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी विकून मराठी चित्रपट घराघरांत नेले, पण व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ इतकंच. त्या चित्रात कुणाच्याच सुरकुत्या दिसत नाहीत, ना तरुणाच्या ना म्हाताऱ्याच्या. अनेक चित्रपट आज त्याच दर्जाच्या प्रतींवरून बघितले जातात. निगेटिव्ह नीट जपलेली असेल तर आजही ४केमध्ये स्कॅन होऊ शकते. ती गेली असेल तर पुढे काहीच करता येत नाही.

भारतात डिस्क घेताना

४के डिस्कला प्रदेशबंदी नसते, जगात कुठूनही मागवा. पण त्याच खोक्यात येणाऱ्या साध्या ब्लू-रेला असू शकते, आणि पूरक चित्रफिती बहुधा तिच्यातच असतात. भारत ब्लू-रेसाठी सी प्रदेशात आणि डीव्हीडीसाठी ५ मध्ये येतो. अमेरिका ए आणि १ मध्ये, ब्रिटन बी आणि २ मध्ये. पुण्यात राहून अमेरिकेतल्या भावाकडून डिस्क मागवणाऱ्यांनी खोक्यामागचं हे अक्षर आधी फोटोत बघून घ्यावं. परदेशातून प्लेअरच आणणार असाल तर तो २३० व्होल्टवर चालतो का, हे मागच्या पट्टीवर वाचा. फक्त ११० असेल तर थेट लावू नका.

प्लेअर म्हणून डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स चालतो. ही दोन्ही यंत्रं डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक जुळवून घेणारा एचडीआरचा प्रकार) दाखवत नाहीत, एचडीआर१० हा साधा प्रकार दाखवतात. प्लेस्टेशन ४ प्रो नावाने प्रो असला तरी ४के डिस्क वाचत नाही. डॉल्बी व्हिजन हवंच असेल तर पॅनासॉनिक यूबी८२० सारखा स्वतंत्र प्लेअर लागतो.

एचडीएमआय केबल १८ गिगाबिटची घ्या. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टला प्लेअर जोडाल त्या पोर्टचा 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' पर्याय सुरू करा. बऱ्याच टीव्हींवर तो मुळात बंद असतो आणि मग एचडीआर येतच नाही. मध्ये साउंडबार असेल तर तो एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सुरक्षा) मानणारा हवा, नाहीतर चित्र काळं पडतं किंवा १०८० वर घसरतं.

डिस्क मध्येच अडकली तर लगेच ती खराब ठरवू नका. १०० जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर असतात आणि माहितीचा सर्वांत खोल थरही पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. बोटाचा तेलकट ठसा पुरेसा होतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ मायक्रोफायबर कापड मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवा. गोल फिरवू नका. गोल ओरखडा सलग माहिती खातो, मधून कडेकडे गेलेला ओरखडा थोडी थोडी खातो आणि प्लेअर ती भरून काढतो. काढताना मधली कळ दाबा, कडेने वाकवू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात खोक्यातल्या कागदाला बुरशी धरते, तेव्हा कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि डिस्क उभ्या ठेवा.

डिजिटल खरेदीबद्दल एकच सांगतो. 'खरेदी करा' असं बटण दाबलं तरी तुम्हाला मिळतो तो परवाना. कॅलिफोर्नियाने तर २०२५ पासून दुकानांना हे स्पष्ट लिहायला लावलंय. फक्त स्ट्रीमिंगसाठी बनलेल्या चित्रपटांनाही डिस्क हवी असते, ती यामुळेच. 'द आयरिशमन'ची ब्लू-रे क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क कंपनीने २०२० मध्ये काढली.

शेवटची तपासणी

उत्तम डिस्क आणून लावली तरी तुमचा टीव्ही स्वतःच चेहरा घोटत असू शकतो. सेटिंगमध्ये 'नॉइज रिडक्शन' आणि 'एमपेग नॉइज रिडक्शन' पूर्ण बंद करा. 'मोशन स्मूदिंग' बंद करा, नाहीतर चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा सरकतो. 'शार्पनेस' कमी करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच निवडा, तो यातलं बहुतेक काम एका झटक्यात करतो.

मग 'डायल ऑफ डेस्टिनी'ची डिस्क लावा आणि १९४४ संपून १९६९ सुरू होतं तिथे जा. आधी तरुण फोर्डचा जवळून घेतलेला एखादा शॉट थांबवून बघा. मग पुढे या: शेजारच्यांच्या गाण्याच्या गोंगाटाने खुर्चीत दचकून जागा झालेला, उघड्या अंगाचा, अर्ध्या चड्डीतला म्हातारा इंडियाना जोन्स. तिथे थांबवा. छातीवरचे पांढरे केस, दंडाची सैल कातडी, डोळ्यांखालच्या पिशव्या, खांद्यावरचे ठिपके हे सगळं वेगवेगळं दिसायला हवं. दोन्ही शॉटमधली कातडी सारखीच गुळगुळीत वाटत असेल, तर सेटिंगमध्ये काहीतरी सुरू राहिलंय. पुन्हा मेनूत जा.